वाफसा कुणाच्या ट्रॅक्टरसाठी थांबत नाही

पत्र थोडक्यात : निपाणी तालुक्यातल्या एका गावाहून एका ताईंनी लिहिलं आहे. यजमान सैन्यात, वर्षातून दोनदा सुटीवर येतात. घरी सासू-सासरे, धाकटे दीर, जाऊ, मुलं. घरची ३५ एकर आणि खंडानं घेतलेली ९, अशी ४४ एकर शेती. नदीकाठच्या मळीत १४ एकर ऊस. माळावरच्या ३० एकरांत सोयाबीन, त्यावर हरभरा किंवा शाळू (रब्बी ज्वारी), कुठं मका. खंडाचं रान माळावरच आहे. गेल्या काही वर्षांत माळ बिघडला आहे : पाऊस झाला की दोन-दोन दिवस पाणी तुंबतं, सोयाबीन पिवळं पडतं, उघडीप मिळाली की वर पापडी धरते. उसाचा खोडवाही (तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून पुन्हा येणारं पीक) उतरत चालला आहे. ताईंनी मोबाइलवर बिननांगरटीच्या शेतीचे व्हिडिओ पाहिले, एका वर्षात मातीतला सेंद्रिय कर्ब दुप्पट झाल्याच्या गोष्टी ऐकल्या आणि ठरवलं की नांगर आणि रोटर (फिरत्या पात्यांनी माती बारीक करणारं अवजार) विकायचे, येत्या हंगामापासून सगळ्या ४४ एकरांत नांगरट बंद, हलकी कामं बैलांनी, ट्रॅक्टर फक्त वाहतुकीला. घरात ४२ अश्वशक्तीचा ट्रॅक्टर आहे, पण दिरांना ६० अश्वशक्तीचा नवा ट्रॅक्टर आणि मोठा रोटर घ्यायचा आहे. आगाऊ रकमेसाठी बैलजोडी विकू, हप्ते गावात भाड्यानं मशागत करून फेडू, असं त्यांचं म्हणणं. कर्जाला यजमानांच्या हिश्शाची जमीन तारण द्यावी लागेल आणि यजमान फोनवर म्हणतात, "तू ठरव." सासरे म्हणतात, नांगर थांबला की रानात हरळीशिवाय काही दिसणार नाही. ताई विचारतात : दिरांना होकार देऊ की अडून बसू? आणि बैलांचं काय करू?

ताई,

तुमच्या घरात भांडण ट्रॅक्टरवरून चाललं आहे आणि बिघाड आहे जमिनीखाली, पाच-सात इंचांवर. तिथं अजून कुणी उकरून पाहिलेलं पत्रावरून तरी दिसत नाही. तुम्ही गृहीत धरलंत की यंत्र म्हणजे मातीचा वैरी. दिरांनी गृहीत धरलं की ४४ एकर म्हणजे मोठा ट्रॅक्टर हवाच. ही दोन्ही गृहीतं तपासायची तर आधी खड्डा खणावा लागेल.

सोयाबीन काढणीला आलं आहे, जमिनीत ओल आहे, वेळ चांगली आहे. तीन जागा निवडा : पाणी तुंबतं ती, रानाच्या मध्यातली बरी जागा, आणि बांधालगतची, जिथं चाक कधी फिरत नाही ती. प्रत्येक ठिकाणी दीड फूट खोल खड्डा घ्या, एक बाजू सरळ तासून ठेवा आणि सोयाबीनचं मूळ खाली कसं गेलंय ते बघा. चार-पाच इंचांवर मूळ आडवं वळलं असेल तर तो रोटरच्या पात्यांनी थापून केलेला थर. आठ-नऊ इंचांवर वळलं असेल तर नांगराचा तळ, आणि नांगरताना तासात, म्हणजे नांगराच्या चरात, चालणाऱ्या ट्रॅक्टरच्या चाकाचा दाब. मूळ सरळ खाली गेलंय आणि तरी पाणी तुंबतंय, तर दोष कडक थराचा नाही. रानाचा उतार, बुजलेला चर, किंवा खालचा चुनखडीचा थर बघावा लागेल. दुसरी परीक्षा घरात करा. बांधाचं आणि मधल्या रानाचं सुपारीएवढं वाळलेलं ढेकूळ दोन काचेच्या ग्लासांत पाण्यात सोडा. बांधाचं बराच वेळ टिकेल. मधलं काही मिनिटांत विरघळून गाळ झालं, तर पापडी का धरते ते डोळ्यांसमोर दिसेल. या दोन्ही वेळी मामंजी आणि दीर समोर असू द्यात. मोबाइलवरच्या व्हिडिओनं घरातला माणूस सहसा पटत नाही. स्वतःच्या रानातलं वाकडं मूळ बघितलं की बोलणं बदलतं.

माझा अंदाज रोटरवर आहे, आणि तो मी आताच सांगून टाकतो. आपल्या भागात गेल्या वीस-पंचवीस वर्षांत रोटर ही मशागतीची सवय झाली. एका फेरीत रान पिठासारखं होतं, बघायला छान दिसतं, पेरायला सोपं जातं. पण तेवढ्यात मातीचे कण सुटे होतात, पहिल्या जोराच्या पावसात ते वरची छिद्रं बुजवतात आणि पाणी आत जायचं थांबतं. वरचे चार इंच भुसभुशीत, खाली पात्यांनी घासलेला गुळगुळीत तळ. पाणी त्या तळावर उभं राहतं, सोयाबीनच्या मुळांना हवा मिळत नाही, मुळांवरच्या गाठी काम थांबवतात आणि पानं पिवळी पडतात. मग आपण युरिया टाकतो. नवा ६० अश्वशक्तीचा ट्रॅक्टर मोठा रोटर घेऊन हेच काम जास्त वेगानं करेल.

आता मामंजींच्या हरळीकडे येऊ. त्यांचं म्हणणं मी हसण्यावारी नेणार नाही, कारण बिननांगरटीच्या शेतीत माणूस सर्वांत जास्त तणावरच हरतो. फक्त हरळी आणि लव्हाळा वाढवण्यात रोटरचाही मोठा हात आहे. हरळीची मुळं तुकडे करून पसरली की प्रत्येक तुकड्याला नवा कोंब येतो, आणि लव्हाळ्याच्या गाठी रानभर जातात. ज्या तुकड्यात हरळी मातली आहे तिथं मामंजींचंच ऐका : एप्रिल-मेच्या उन्हात एकदा खोल नांगरट, ढेकळं उन्हात तापू द्यायची, वर आलेल्या काशा वेचून बांधाबाहेर काढायच्या. नांगर विकायची घाई त्यासाठी करू नका. बिननांगरटीची सुरुवात स्वच्छ तुकड्यात करायची असते. हरळीच्या रानात ती सुरू केली तर दुसऱ्या वर्षी मामंजी जिंकतील आणि तिसऱ्या वर्षी तुम्ही व्हिडिओ बघणंच सोडाल.

तणनाशकाचंही इथंच सांगतो. बिननांगरटीच्या बहुतेक यशोगाथांमागे तणनाशक असतं, बोलणारे ते नेहमीच सांगतात असं नाही. ग्लायफोसेटवर केंद्र सरकारनं ऑक्टोबर २०२२ मध्ये निर्बंध घातले : परवानाधारक कीडनियंत्रण चालकांशिवाय इतरांनी ते वापरायचं नाही. दुकानात काय विकलं जातं ते तुम्हाला माहीत आहे, पण हिशेब करताना ते धरू नका. तुम्हाला विष नको असेल तर पहिली दोन-तीन वर्षं भांगलणीचा खर्च वाढेल, हे आजच घरात मोकळेपणानं सांगून ठेवा. नंतर सांगितलंत तर ते फसवल्यासारखं वाटेल.

आता दिरांच्या ट्रॅक्टरचा हिशेब. हे आकडे ढोबळ आहेत, दिरांकडून खरे घ्या, त्यांना तास तोंडपाठ असतील. माळाच्या एका एकराला पलटी नांगराचे दोन तास, दोन कुळवण्यांचे मिळून दोन, रोटरचा दीड, पेरणीचा एक. म्हणजे साडेसहा तास. तीस एकरांचे १९५ तास. नांगर आणि रोटर वगळून एक हलकी कुळवणी आणि पेरणी केली तर एकरी दोन तास, तीस एकरांचे ६०. वाचले १३५ तास. तासाला साडेचार लिटर डिझेल धरलं तर सहाशे लिटर. दिवसाला आठ एकर पेरा धरला तर तीस एकर चार दिवसांत उरकतात, तेही तुमच्या ४२ अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरनं. तो ट्रॅक्टर अपुरा पडतोय असं वाटतं, कारण त्याच्यावर फेऱ्या जास्त लादल्या आहेत. फेऱ्या कमी केल्या की तोच पुरून उरतो.

मोठ्या शेतीत मोठं यंत्र कशासाठी लागतं? वाफसा, म्हणजे चिखलही नाही आणि कोरडंही नाही अशी पेरणीजोगी ओल, पकडण्यासाठी. काळ्या रानात जूनचा पहिला दमदार पाऊस झाल्यावर पेरणीजोगा वाफसा दोन-चार दिवसच मिळतो. त्याआधी घुसलात तर चिखल, नंतर गेलात तर बी कोरड्यात. बैलांवर तीस एकर त्या वेळात पेरून होणार नाहीत, आणि इथं दिरांचं बरोबर आहे. म्हणून ट्रॅक्टर फक्त वाहतुकीला ठेवायचा तुमचा विचार मी सोडून द्यायला सांगेन. पेरणीसाठी यंत्र हवंच.

पण भाड्याच्या कामाचं गणित याच जागी अडतं. गावात सगळ्यांचा वाफसा एकाच दिवशी येतो. हप्ता फेडायचा तर त्या दिवशी ट्रॅक्टर दुसऱ्याच्या रानात पाहिजे, आणि तुमचं रान तो चार दिवसांनी पेरणार, किंवा रात्री, ओल्यातच. भाड्याची बिलं उसाचं बिल आल्यावर देतो म्हणणारे गावात किती आहेत तेही बघा. दिरांना एक काम सांगा : गावात ट्रॅक्टर भाड्यानं चालवणाऱ्या तिघांना जाऊन विचारायचं की गेल्या वर्षी एकूण तास किती झाले आणि अजून उधारी किती अडकली आहे. तासाच्या भाड्यातून डिझेल, ड्रायव्हर आणि दुरुस्ती वजा करा, उरेल त्यानं वर्षाच्या हप्त्याला भागा. जेवढे तास येतील तेवढं काम गावात मिळतं का, ते मग दीर स्वतःच सांगतील.

वजनाबद्दल थोडं सविस्तर बोलतो, कारण व्हिडिओवाले बहुतेक वेळा चुकीच्या चाकाकडे बोट दाखवतात. तुमच्या ट्रॅक्टरचं वजन दोन टनांच्या आसपास आहे. त्याचा दाब वरच्या सहा-आठ इंचांत राहतो आणि थोड्या कष्टांत निघतो. एका आसावर पाच-सहा टनांच्या वर भार आला की ओल्या जमिनीत तो नांगराच्या तळाखाली, दीड-दोन फुटांपर्यंत पोचतो, आणि तिथला दाब कुठल्या नांगरानं सहजी निघत नाही. हा भार तुमच्या रानात कोण आणतं? उसाच्या भरलेल्या ट्रॉल्या, आणि काढणीचं मोठं यंत्र आणलंत तर ते. पहिल्या फेरीतच बहुतेक दाब होऊन जातो, त्यामुळे ट्रॉली रानभर फिरवण्यापेक्षा एकाच वाटेनं दहा वेळा गेलेली परवडते.

म्हणून खोडवा का उतरतो त्याचं उत्तर मी आधी तोडणीच्या दिवसात शोधेन. कारखान्याची तोड आली की रान ओलं आहे का हे कुणी विचारत नाही, आणि नोव्हेंबर-डिसेंबरात मळीची जमीन ओलीच असते. तोडीची तारीख तुमच्या हातात नाही, पण काही गोष्टी आहेत. तोडणीच्या आधी दोन-तीन आठवडे पाणी बंद ठेवा. ट्रॉलीची वाट ठरवून द्या आणि शक्य तिथं टोळीला मोळ्या वाटेपर्यंत आणायला सांगा. थोडी वाढीव मजुरी द्यावी लागेल. नव्या लागणीच्या खर्चापुढं ती किरकोळ आहे. नवी लागण करताना सरी पाच फुटांची ठेवा, म्हणजे चाक सरीतून जाईल, उसाच्या बुडख्यावरून जाणार नाही. तीन-साडेतीन फुटांच्या सरीत प्रत्येक चाक खोडव्याच्या फुटव्यावरच पडतं.

ताई, खोडवा हेच तुमच्या घरातलं बिननांगरटीचं पीक आहे. मामंजी आयुष्यभर न नांगरता ऊस घेत आले आहेत, फक्त त्याला कुणी तसं नाव दिलं नाही. तिथं एकच गोष्ट बदलायची : पाचट, म्हणजे उसाचा वाळलेला पाला, जाळणं थांबवायचं. हेक्टरी आठ-दहा टन पाचट निघतं. बुडखे जमिनीलगत छाटून घ्या, पाचट सरीत आडवं करा किंवा कुट्टी यंत्रानं बारीक करा. पाचट कुजताना जमिनीतलं नत्र खातं आणि खोडवा सुरुवातीला पिवळा दिसतो. त्यासाठी टनाला साधारण आठ किलो युरिया, दहा किलो सुपर फॉस्फेट आणि एक किलो पाचट कुजवणारे जिवाणू टाकतात. बाकी रासायनिक खत पहारीनं भोक घेऊन मुळाशी द्यायचं, म्हणजे पाचट हलवावं लागत नाही. कोल्हापूरला प्रताप चिपळूणकर वर्षानुवर्षं बिननांगरटीचा ऊस घेत आले आहेत, आणि ते तुमच्यापासून फार लांब नाही. नुसतं ऐकण्यापेक्षा दिरांना घेऊन जाऊन बघा. बेळगाव-खानापूरकडच्या भातवाल्या वाचकांनी असंच नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांच्या गादीवाफ्यावरच्या भाताचं, एसआरटीचं (सगुणा राइस टेक्निक), काम बघावं. चिखलणी न करता भात येतं, हे ऐकून पटत नाही.

२०१९ आणि २०२१ च्या पुरांचं तुम्ही लिहिलेलं नाही, पण वेदगंगा-दूधगंगेच्या काठचं रान त्या वेळी पाण्याखाली गेलं असणारच. अशा मळीत पांढरे डाग उमटत असतील, ढेकळं दगडासारखी टणक होत असतील, तर ती क्षारांची, चोपणाची लक्षणं. नांगरट थांबवून ते जात नाही. निचरा करावा लागतो, चर किंवा जमिनीखालचे सच्छिद्र पाइप, आणि पाटपाण्याला आवर. माती तपासल्याशिवाय तिथं काही करू नका.

माळावर काय करायचं ते आता सांगतो. सगळ्या तीस एकरांना हात लावू नका. घरच्या रानातला हरळी नसलेला सहा एकरांचा तुकडा निवडा, आणि शेजारचे सहा एकर दिरांच्या पद्धतीनं चालू द्यात. सोयाबीनची मळणी झाली की भुस्कट निवडलेल्या तुकड्यात पसरा आणि ओल उडायच्या आत, दोन-चार दिवसांत, हरभरा थेट धसकटात पेरा. सोयाबीनचा पाला आधीच गळलेला असतो, धसकट आखूड असतं, म्हणून सुरुवातीला याच्यासारखं सोपं पीक नाही. नांगरून हरभरा केला की ज्या ओलीवर तो उगवायचा तीच ओल आपण वर काढून वाळवतो. अरुंद फणाचं, न नांगरता पेरणारं यंत्र तालुक्याच्या कृषी यंत्रधारे केंद्रात भाड्यानं मिळतं का विचारा. न मिळालं तर या वर्षी हातानं बी टोचून टोकणच करा, सहा एकरांचीच तर गोष्ट आहे. बियाण्याला ट्रायकोडर्मा ही रोगाला रोखणारी बुरशी लावायला विसरू नका, मर रोग नांगरलेल्या रानात येतो तसा इथंही येतो.

पुढच्या जूनला त्याच तुकड्यात रुंद वरंबा-सरी पाडणाऱ्या पेरणी यंत्रानं सोयाबीन घ्या. तुमच्या पिवळ्या सोयाबीनवर मला हाच उपाय सर्वांत खात्रीचा वाटतो : पीक वरंब्यावर, जादा पाणी सरीतून बाहेर, आणि ट्रॅक्टरचं चाक कायम सरीत. ते वरंबे मोडू नका. हरभरा त्यावरच, पुढचं सोयाबीन त्यावरच, सरी तेवढी दर वर्षी उजळून घ्यायची. चाकाची जागा आणि पिकाची जागा अशी एकदा वेगळी झाली की मग ट्रॅक्टर ४२ चा आहे की ५० चा, याला फारसं महत्त्व राहत नाही. चाकातलं पाणी आणि जादा लोखंडी वजनं पेरणीच्या वेळी काढून ठेवा, रानात टायरची हवा पुस्तिकेत दिली असेल त्या खालच्या मर्यादेला ठेवा. या दोन्ही गोष्टींना पैसे लागत नाहीत आणि म्हणूनच बहुधा कुणी करत नाही.

खड्ड्यात आठ-नऊ इंचांवर खरंच थर सापडला तर वरंबे पाडायच्या आधी, मे महिन्यात, सबसॉयलर, म्हणजे खालचा थर फोडणारं खोल फाळाचं अवजार, एकदा चालवा. जमीन खाली खडखडीत कोरडी असतानाच. ओल्यात तो नुसती फट पाडून जातो, थर फुटत नाही. दर वर्षी मात्र नको. मळीच्या खोल काळ्या रानात तर बहुधा नकोच, ती जमीन उन्हाळ्यात हात-हातभर भेगाळून स्वतःची नांगरट करते. मुरमाड, तांबड्या माळाला ती सोय नाही, तिथं दबलेलं दबलेलंच राहतं.

सोयाबीनवर हरभरा, पुन्हा सोयाबीन, ही दोन्ही कडधान्याच्या जातीचीच पिकं. त्यात शाळू किंवा मका आणत राहा, कारण जमिनीवर टिकणारं काड तीच देतात. दर वर्षी तीन-चार एकरांत पावसाळ्यात ताग पेरून फुलावर आला की जमिनीवर लोळवा आणि त्यात सप्टेंबरला शाळू घ्या. एक खरीप पीक जातं. परवडेल तेवढाच तुकडा धरा, आणि दर वर्षी जागा बदला.

काडाच्या बाबतीत तुमच्या घरात आणखी एक ओढाताण होणार आहे, ती पत्रात नाही. कडबा आणि भुस्कट जनावरं मागतात आणि माती मागते. सगळं मातीला द्या म्हणणारे व्हिडिओ बहुधा गोठा नसलेल्यांचे असतात. तुमच्या दावणीला जनावरं असतील तर कडबा त्यांनाच जाईल, जाऊ द्या, पण शेणखत उसाकडे वळवण्याऐवजी माळाकडे आलं पाहिजे. उसाला त्याचं पाचट आहे.

घाईचं एक कारण मला तुमच्या पत्रात स्पष्ट दिसतं : एका वर्षात सेंद्रिय कर्ब, म्हणजे कुजलेल्या काडीकचऱ्यातून मातीत मुरलेला कर्ब, दुप्पट झाल्याच्या गोष्टी. गणित करून बघू. एका एकराच्या वरच्या सहा इंचांत अंदाजे नऊ लाख किलो माती असते. कर्ब ०.१ टक्क्यानं वाढवायचा म्हणजे तिथं ९०० किलो कर्ब मुरला पाहिजे. रानात टाकलेल्या काडातला बहुतेक कर्ब जिवाणू श्वासावाटे उडवतात, दहा-पंधरा टक्केच टिकतो. म्हणजे एकरी पंधरा-वीस टन सुकं काड लागलं. मक्याचं, पाचटाचं काड एकरी तीन-चार टन. सगळंच्या सगळं ठेवलं तरी चार-पाच वर्षं गेली. मातीतलं पाणी मुरणं मात्र याहून लवकर सुधारतं, दुसऱ्या-तिसऱ्या पावसाळ्यात दिसू लागतं, आणि तुमचा त्रास तोच आहे. तेव्हा दर वर्षी कर्बाचा आकडा बघून निराश होऊ नका. दर पावसात कुठल्या तुकड्यात पाणी किती वेळ उभं राहिलं, ते वहीत लिहा. त्याच वहीत दोन्ही सहा एकरांचे ट्रॅक्टरचे तास, डिझेल, भांगलणीचे गडी, उतारा. लिहिण्याचं काम शक्यतो जाऊबाईंकडे द्या, म्हणजे आकड्यांवरून दिरांशी वाद होणार नाही. पहिल्या वर्षी तुमच्या तुकड्याचा उतारा थोडा कमी येऊ शकतो. खर्च वजा करून बघा आणि तीन हंगामांच्या आत निकाल लावू नका.

खंडाच्या नऊ एकरांचं वेगळं आहे. कर्नाटकात १९७४ पासून शेतजमीन कुळानं देणं कायद्यानं बंद आहे, सूट आहे ती सैनिक आणि खलाशांना. तुमचे यजमान सैन्यात आहेत म्हणून त्यांना स्वतःची जमीन देता येईल. तुम्ही दुसऱ्याची घेतली आहे, ती तोंडीच असणार, आणि मालक पुढच्या वर्षी दुसऱ्याला देऊ शकतो. तिथं ताग, सबसॉयलर, शेणखत घालू नका. रोटर तेवढा थांबवा, त्याचे पैसे त्याच वर्षी वाचतात. माती सुधारायची तर आधी मालकाशी पाच वर्षांचं बोलणं करा, गावातल्या दोन माणसांसमोर.

माती तपासणीसाठी आणि उसाच्या प्रश्नांसाठी धारवाड कृषी विद्यापीठाचं संकेश्वरचं संशोधन केंद्र तुम्हाला जवळ आहे. बैलहोंगल, गोकाककडच्या वाचकांना मत्तीकोप्प आणि तुक्कानट्टी इथली कृषी विज्ञान केंद्रं सोयीची. अवजारांच्या अनुदानाचे अर्ज रयत संपर्क केंद्रात होतात, त्याला फ्रूट्स या सरकारच्या शेतकरी-नोंदीत नाव लागतं, आणि जमिनीच्या उताऱ्यावर ज्याचं नाव त्याच्याच नावानं. कागद कानडीत असतात. घरात वाचता येत नसेल तर सही करण्याआधी कुणाकडून तरी ओळीओळीनं वाचून घ्या. तारणाच्या कागदाला तर हे दुप्पट लागू.

त्या तारणाबद्दल माझं मत : आत्ता होकार देऊ नका. पण अडूनही बसू नका, कारण अडून बसलात तर दिरांना एवढंच दिसेल की वहिनी यंत्राच्या विरोधात आहे. ते तरुण आहेत, त्यांना स्वतःचं म्हणून काही उभं करायचं आहे, ट्रॅक्टर हे त्याचं एक रूप. त्यांच्यासमोर दुसरं ठेवा. रोटरवाले गावात भरपूर असतील. वरंबा-सरीचं पेरणी यंत्र, उसाची पाचट कुट्टी, न नांगरता पेरणारं यंत्र, हे किती जणांकडे आहे? या अवजारांची किंमत नव्या ट्रॅक्टरच्या मानानं बरीच कमी आहे, चाळीस-पंचेचाळीस अश्वशक्तीवर चालणारी मिळतात, अनुदानातही बसू शकतात. कुट्टीचं काम तर तोडणीनंतर, हिवाळ्यात येतं, पेरणीच्या वाफशाशी त्याची टक्कर होत नाही. एखादं अवजार दिरांच्या नावावर, त्यांच्या हिशेबात घ्या, आणि ट्रॅक्टरचा विषय तीन हंगामांची वही समोर ठेवून पुन्हा काढू असं यजमान सुटीवर असताना सगळ्यांसमोर ठरवा. फोनवर नको. "तू ठरव" म्हणणारा माणूस घरात बसलेला असला की त्या म्हणण्याला वजन येतं.

बैलांचं : माळावर वरंब्यांमधली कोळपणी बैलांनी जितकी सफाईनं होते तितकी ट्रॅक्टरनं होत नाही, आणि तणनाशक नको म्हटल्यावर पहिली तीन वर्षं तुम्हाला कोळप्याचीच गरज पडणार आहे. पण जोडी हाकणारा माणूस घरात आहे का? मामंजींचं वय तुम्ही लिहिलं नाही. ते हाकत असतील, किंवा एखादा भरवशाचा गडी असेल, तर ठेवा. तसं कुणी नसेल तर बैल दावणीला उभे राहतील आणि मातीला जायचा कडबा खातील. मग विका, पण ते पैसे नव्या ट्रॅक्टरच्या आगाऊ रकमेत घालू नका, वरंबा-सरीच्या यंत्राला ठेवा.